मोटेपासून ठिबकापर्यंत

पीक पाण्यावर येते, हे कोणीही सांगेल. परंतु ते पाणी विहिरीच्या तळापासून पिकाच्या मुळापर्यंत न्यावयाचे कसे, हा प्रश्न शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. आपल्या महाराष्ट्रातील बहुतेक शेती पावसावर अवलंबून आहे, आणि पाऊस तर वर्षातून चारच महिने पडतो. उरलेल्या आठ महिन्यांत ज्याच्या शेतात विहीर आहे किंवा ज्याच्या बांधाजवळून कालवा जातो, त्याच्याच रानात हिरवे पीक दिसावयाचे. कालव्याचे पाणी उतारावरून आपोआप येते. विहिरीचे तसे नाही. ते वर काढावे लागते. ते काढण्याच्या आणि पिकाला देण्याच्या रीती गेल्या शंभर वर्षांत इतक्या बदलल्या आहेत, की त्या काळचा एखादा शेतकरी आज आपल्या विहिरीवर येऊन उभा राहिला, तर ही आपलीच विहीर का, असा त्याला प्रश्न पडेल. शेतीतील नव्या यंत्रांचा विषय निघाला, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर उभा राहतो. ट्रॅक्टर मोठा आहे, आवाज करतो, म्हणून तो चटकन दिसतो इतकेच. त्याच्याहून मोठा बदल पाण्याच्या बाबतीत घडला आहे. म्हणून येथे पाण्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

पूर्वी विहिरीचे पाणी काढीत ते मोटेने. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिचे वरचे तोंड रुंद असे व ते लोखंडी कड्याने उघडे राही. खालच्या बाजूला चामड्याची लांब नळी असे; तिला सोंड म्हणत. मोटेच्या तोंडाला जाड दोर बांधलेला असे, तो नाडा; आणि सोंडेला बारीक दोर, तो सोंदूर. नाडा विहिरीवरील उंच चाकावरून व सोंदूर काठाशी बसविलेल्या लाकडी रुळावरून जात असे. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला बांधलेले. विहिरीपासून दूर उतरत जाणारी एक वाट केलेली असे. तिला धाव म्हणत. बैल या धावेवरून खाली उतरू लागले, की भरलेली मोट वर येई. ती वर येईपर्यंत सोंड दुमडून उभी राहिलेली असे, म्हणून पाणी सांडत नसे. मोट काठाशी आली, की नाडा तिला आणखी वर ओढी, तर सोंदूर सोंडेला पुढे दगडी कुंडात खेची. त्या कुंडाचे नाव थारोळे. सोंड सरळ होताच सारे पाणी भळाभळा थारोळ्यात पडे आणि तेथून पाटाने रानात जाई. मग बैल मागे मागे सरत पुन्हा विहिरीपाशी येत आणि रिकामी मोट खाली जाई. मोट हाकणारा उतारावरून जाताना नाड्यावर बसे, म्हणजे त्याच्या वजनाची बैलांना मदत होई. या मोटकऱ्यांनी रचलेली आणि पहाटेच्या थंडीत मोकळ्या गळ्याने गायिलेली गाणी पुष्कळ होती. मोटेबरोबर तीही गेली.

एक गडी मोटेवर आणि दुसरा रानात, अशी ही जोडी असे. रानातला गडी हातात फावडे घेऊन एक वाफा भरला, की त्याचे दार मातीने बुजवी आणि दुसऱ्याचे मोडी. याला दारे धरणे म्हणतात. आजही जेथे पाटाने पाणी देतात, तेथे हे काम चालते.

आता थोडे गणित करू. मोटेत एका खेपेला सुमारे १५० लिटर पाणी येते आणि एका खेपेला दोन मिनिटे लागतात असे समजू. म्हणजे तासाला ३० खेपा व साडेचार हजार लिटर पाणी झाले. बैलांना विसावा देत दिवसाकाठी सहा तास मोट चालली, तर २७,००० लिटर पाणी निघेल. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे. बैल दमले, की उपसा थांबे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल जाई, तसा नाडा लांब लागे, खेपा कमी होत आणि उपसाही आपोआप कमी होई. मोट ही कष्टाची गोष्ट होती यात शंका नाही. परंतु विहिरीत झरे जितके पाणी घालीत, त्याच्याहून फार जास्त पाणी तिच्याने काढवत नसे. बैलांच्या दमण्यानेच विहीर राखली जात होती, असे म्हटले तर ते चुकीचे होणार नाही.

यंत्रांचे युग आपल्या शेतावर प्रथम आले ते नांगराच्या रूपाने. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशा भीतीने लोक प्रारंभी तो घेईनात, अशी हकीकत सांगतात. पुढे १९१० साली त्यांनी आजच्या सांगली जिल्ह्यातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली आणि काही वर्षांतच त्यांच्या कारखान्यात पाणी उपसण्याचे पंपही होऊ लागले. पंपाची युक्ती सोपी आहे. गोल कवचात एक पंख्यासारखे चक्र अतिशय वेगाने फिरते. दोरीला बांधलेला दगड गरगर फिरविला, तर तो बाहेर जाण्यासाठी जशी ओढ घेतो, तसे चक्रातील पाणी कडेकडे फेकले जाते आणि जोराने वरच्या नळात शिरते. चक्राच्या मध्यभागी जी पोकळी होते, ती भरण्यासाठी विहिरीतील पाणी खालच्या नळातून वर चढते. चक्र फिरविण्यासाठी आधी तेलावर चालणारी इंजिने आली. पन्नास-साठ वर्षांपूर्वी गावोगावच्या मळ्यांतून त्यांचा ‘टुक टुक’ असा आवाज दूरवर ऐकू येत असे. पुढे खेड्यांत विजेचे खांब उभे राहिले, तशी मोटर आली आणि मोट अडगळीत गेली.

मघाशी ध्यानात ठेवलेला आकडा आता पुन्हा घेऊ. पाच अश्वशक्तीचा विजेचा पंप साधारण खोलीच्या विहिरीतून तासाला पंचवीस-तीस हजार लिटर पाणी सहज काढतो. म्हणजे दोन बैल आणि एक माणूस दिवसभर राबून जेवढे पाणी काढीत, तेवढे हा पंप एका तासात काढून मोकळा होतो. आणि तो दमत नाही. शेतकऱ्याच्या घरी किती सुख आले असेल! ज्वारीच्या जागी ऊस आला, एका पिकाच्या जागी दोन-तीन पिके आली, मुले बैलांमागून सुटून शाळेत जाऊ लागली. पंपाने शेतकऱ्याचे भले केले, हे निःसंशय आहे. पण विहीर मात्र तीच होती आणि तिच्यातील झरेही तेच होते.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. विहिरी कोरड्या पडल्या, गुरे चाऱ्यावाचून मेली, माणसे खडी फोडण्याच्या कामांवर गेली. त्या काळात पिण्याच्या पाण्यासाठी खडकात खोलवर भोक पाडणारी यंत्रे गावोगावी आली. या भोकालाच विंधन विहीर किंवा बोअर असे म्हणतात. पिण्याच्या पाण्यासाठी आलेली ही युक्ती पुढे शेतीसाठीही वापरली जाऊ लागली. आपल्या महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक फार प्राचीन काळी ज्वालामुखीतून वाहून आलेल्या तप्त रसाचा बनलेला आहे. वाळूप्रमाणे तो पाणी शोषून घेत नाही. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत जेवढे मावेल तेवढेच पाणी त्यात राहते. शेजाऱ्याने दोनशे फूट बोअर घेतली, म्हणून दुसऱ्याने तीनशे फूट घ्यावी. मग पहिल्याचे पाणी आटावे व त्याने चारशे फूट खोल जावे, असा प्रकार कित्येक गावांत झाला. एकाच मडक्यात दहा नळ्या घातल्या, म्हणून मडक्यातील पाणी वाढत नाही.

पाणी काढणे सोपे झाले, तसे ते देण्यातही सैलपणा आला. पाटातून पाणी सोडले, की त्यातले काही वाटेतच जमिनीत मुरते, काही उन्हाने उडून जाते, काही वाफ्याच्या बाहेर जाते. पिकाच्या वाट्याला निम्मेच येते. शिवाय जास्त पाणी दिले म्हणजे पीक जास्त येते, ही समजूत खोटी आहे. मुळांना पाण्याप्रमाणे हवाही लागते. पाण्याने गच्च भरलेल्या मातीत मुळे गुदमरतात. मातीची ढेपळे ओलसर असावीत, पण चिखल नसावा. हातात घेतलेली माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, अशा स्थितीला आपले शेतकरी वापसा म्हणतात. मोठा सुंदर शब्द आहे. पाटपाण्याच्या शेतात वापसा पाणी दिल्यानंतर काही दिवसांनी येतो आणि थोडे दिवस टिकतो. त्याच्या आधी चिखल आणि नंतर कोरड. कृष्णाकाठच्या काळ्या, कसदार जमिनींत तर याहून वाईट झाले. वर्षानुवर्षे उसाला वारेमाप पाणी दिल्याने खालचे क्षार वर आले आणि सोन्यासारखी रानेच्या राने खारवट व चोपण झाली. त्यांवर पांढरा थर दिसतो आणि गवतही धड उगवत नाही.

मग पाणी थेंबाथेंबाने, फक्त मुळापाशीच दिले तर? कल्पना आपल्याला अगदी अनोळखी नाही. महादेवाच्या पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्रातून एकेक थेंब कसा पडतो, ते तुम्ही पाहिले असेल. उन्हाळ्यात नव्या झाडाजवळ बुडाला बारीक भोक पाडलेले मडके पुरून ठेवण्याची रीतही जुनी आहे. परंतु हजारो झाडांना सारख्या मापाने थेंब देणे ही निराळी गोष्ट होती. ती साधली इस्राएलमध्ये. तेथे सिमचा ब्लास नावाचे पाण्याच्या कामातील एक अभियंते होते. कोणी पाणी न घालताही एक झाड आसपासच्या झाडांहून फार मोठे वाढलेले त्यांना एकदा दाखविण्यात आले. शोध घेता जवळच्या एका नळाची गळती त्याच्या मुळाशी पोचत असल्याचे आढळले. ती गोष्ट त्यांच्या मनात कित्येक वर्षे घोळत राहिली. १९५० नंतर प्लॅस्टिकच्या स्वस्त नळ्या मिळू लागल्या, तेव्हा त्यांनी प्रयोग आरंभिले, आणि १९६५ साली नेगेव्हच्या वाळवंटी मुलखातील हात्झेरिम या वसाहतीने त्यांच्याबरोबर ठिबकाचे साहित्य करण्याचा कारखाना काढला.

यात अडचण कोठे होती, ते पाहण्यासारखे आहे. नळीला सुईने भोके पाडून ठिबक होत नाही. पंपाजवळच्या भोकातून पिचकारी उडते, टोकाच्या भोकातून पाणीच येत नाही आणि मातीच्या एका कणाने भोक बुजून जाते. ब्लास यांनी भोक लहान न करता पाण्याची वाट लांब केली. तोटीच्या आत नागमोडी वळणांचा एक मार्ग असतो. त्या वळणांवर आपटत, घासत जाताना पाण्याचा जोर संपतो आणि ते बाहेर येते तेव्हा त्याचा थेंब झालेला असतो. वाट पुरेशी रुंद असल्याने बारीकसारीक कण निघून जातात. या तोट्या तासाला २, ४ किंवा ८ लिटर अशा मापाच्या मिळतात. चार लिटरची तोटी दोन तास चालली, तर झाडाला आठ लिटर पाणी मिळाले, हे कागदावर लिहून ठेवता येते. शेतात पाणी मोजून देता येऊ लागले, हाच या साधनाचा मोठा विशेष होय. शिवाय माती सतत वापशावर राहते आणि दोन ओळींमधली जागा कोरडी राहिल्याने तेथे तणही कमी माजते.

आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकात ठिबकाचा प्रसार होऊ लागला. सरकारने त्यासाठी अनुदान दिले आणि जळगाव हे ठिबकाचे साहित्य तयार करण्याचे मोठे ठिकाण बनले. तापीकाठचा तो मुलूख केळीचा. केळीला पाणी फार लागते. भर उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाला वीस लिटरच्या आसपास. पूर्वी केळीची लागवड कंदांपासून करीत. कंद लहानमोठे, म्हणून झाडेही मागेपुढे वाढत आणि घड वेगवेगळ्या वेळी तयार होत. आता प्रयोगशाळेत केळीच्या कोंबाचा अगदी लहान तुकडा काचेच्या भांड्यात वाढवून त्यापासून हजारो रोपे करतात. यांना ऊतिसंवर्धित रोपे म्हणतात. ती सारी एका वयाची व एका वाणाची असल्याने त्यांना पाणी आणि खत एकाच वेळी, सारखेच लागते. ठिबकाशी त्यांची जोडी चांगली जमली. जो माल हाती यावयास दीड वर्ष लागे, तो आता वर्षभरातच येतो. खतेही पाण्यात विरघळवून त्याच नळ्यांतून मुळापाशी पोचवितात.

म्हणजे ठिबक बसविले आणि शेतकरी निवांत झाला, असे मात्र नाही. विहिरीचे पाणी आधी वाळूच्या आणि जाळीच्या गाळणीतून न्यावे लागते. जड पाण्यातील क्षार तोट्यांत साचतात, म्हणून मधूनमधून सौम्य आम्ल सोडून त्या स्वच्छ कराव्या लागतात. उन्हाळ्यात तहानलेल्या खारी आणि उंदीर नळ्या कुरतडतात. रोज रानातून फेरी मारून कोणती तोटी बंद पडली, ते पाहावे लागते. कारण पाटाचे पाणी चुकले तर लांबून दिसते, पण तोटी बंद पडलेली झाड वाळल्यावरच दिसते. आणि पहिला खर्च मोठा असल्याने लहान शेतकऱ्याला अनुदान मिळूनही कर्ज काढावे लागते. दारे धरणारा गडी कमी झाला. त्याच्या जागी यंत्रांची निगा जाणणारा माणूस लागू लागला.

विजेची एक निराळीच अडचण आहे. शेतीला वीज पाळीपाळीने मिळते आणि पुष्कळदा ती रात्री येते. पौषातल्या थंडीत मध्यरात्री उठून, विजेरी घेऊन विहिरीवर जावयाचे. वाटेत साप-विंचू, उसाच्या फडात बिबट्या! कित्येकांना यात प्राण गमवावे लागले आहेत. या अडचणीवर भ्रमणध्वनी उपयोगी पडला. पंपाच्या पेटीत एक लहानसे उपकरण बसविले, की घरातून दूरध्वनी करून पंप चालू वा बंद करता येतो. वीज आहे की नाही, हेही ते उपकरण कळविते. अलीकडे शेतांत निळ्या-काळ्या चकाकत्या तावदानांचे सौर पंप दिसू लागले आहेत. २०१९ साली केंद्र सरकारने ‘कुसुम’ योजना सुरू केली, तेव्हापासून त्यांची संख्या वाढली. हे पंप सूर्यप्रकाशावर चालत असल्याने पाणी दिवसाच देता येते आणि विजेचे देयक येत नाही. पण देयक नसले, की पंप बंद करण्याची आठवणही कोणी करून देत नाही! सूर्य आहे तोवर पाणी चालूच राहण्याचा धोका येथे आहेच.

अगदी नवी साधने याहून बारीक काम करतात. नाशिककडील काही द्राक्षबागांत एक खांब उभा केलेला असतो. त्यावर पाऊस, वारा, हवेतील उष्णता आणि दमटपणा मोजणारी उपकरणे असतात; पान किती वेळ ओले राहिले, हेही मोजतात. पान फार वेळ ओले राहिले, की केवडा नावाचा रोग पडण्याची भीती असते. तशी चिन्हे दिसताच शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर सूचना येते आणि त्याला औषध वेळेवर, व तेही गरजेपुरतेच, फवारता येते. जमिनीत पुरलेले दुसरे उपकरण मुळाजवळची ओल मोजते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात अशा उपकरणांनी आणि उपग्रहांनी पुरविलेली माहिती संगणकाकडून तपासून घेऊन उसाला पाणी व खत किती द्यावे, हे ठरविण्याचे प्रयोग चालले आहेत. मातीचा गोळा हातात दाबून वापसा ओळखणाऱ्या शेतकऱ्याला जे कळत होते, तेच हे उपकरण सांगते. मात्र एकाच वेळी शेतातील अनेक ठिकाणचे, आणि रात्रंदिवस सांगते.

ही सर्व साधने पाणी वाचवितात. मग विहिरींचे पाणी वाढले का? नेहमी नाही. एका एकराच्या पाण्यात दोन एकर भिजू लागल्यावर शेतकरी दुसराही एकर बागायत करतो, आणि एकंदर उपसा होता तेवढाच राहतो. यात त्याला दोष देता येणार नाही. त्यालाही संसार आहे. परंतु यंत्र पाणी देते, ते निर्माण करीत नाही. पाणी येते ते पावसातून, आणि त्याचेही गणित मांडता येते. एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी पडले. एका एकरावर ते सुमारे ४,००० लिटर होते. वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात एका एकरावर सोळा लाख लिटर पाणी पडेल. आता उसाला साधारण दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे तेथे एक एकर उसासाठी कमीत कमी चार एकरांवरचा, आणि कधी कधी सहा एकरांवरचा, सगळाच्या सगळा पाऊस हवा. त्यातून ओढ्याला वाहून जाणारे व उन्हाने उडणारे पाणी वजा केले, तर ही एकरांची संख्या कितीतरी वाढेल.

असे गणित अख्ख्या गावाने मांडल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. तेथे वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाण्याच्या टंचाईमुळे एके काळी लोक गाव सोडून जात होते. १९९० च्या सुमारास सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी श्रमदान करून डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली, आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. पावसाचे पाणी जमिनीत मुरू लागले, विहिरींना झरे फुटले. पुष्कळ गावे येथवर येऊन थांबतात आणि आलेले पाणी पंपांनी पुन्हा उपसून टाकतात. हिवरे बाजारने तसे केले नाही. शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही आणि ऊस-केळीसारखी फार पाणी पिणारी पिके करावयाची नाहीत, असा नियम गावाने केला. पावसाळा संपला, की पर्जन्यमापकातील नोंदी आणि विहिरींतील पाण्याची पातळी पाहून त्या वर्षी किती पाणी हाती आहे, याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवतात. त्यातून प्रथम माणसांच्या व गुरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढतात. उरलेल्यातून रब्बीला कोणते पीक किती करावयाचे, ते ठरते. पाऊस चांगला झाला असेल, तर गहू आणि कांदा वाढतो. पाऊस थोडा झाला असेल, तर कमी पाण्यावर येणारी ज्वारी आणि हरभरा यांवर भागवितात, आणि त्या वर्षी उन्हाळी पीक घेत नाहीत.